बोकडाचे आठ वाटे

माझ्या नवऱ्याने सात घरांना पाच वर्षं फसवलं. त्यातल्या सहा घरांना ते माहीत होतं, आणि त्या सहा घरांनी मिळून मला फसवलं. मी आयुष्यात कुणाला फसवलं नाही. एकदाच फसवलं, भर सकाळी, सगळ्यांच्या समोर, आणि त्याला मिनिटभरही लागलं नाही. ते मी लपवणार नाही. पण आधी बाकीच्यांचं.

त्या वेळी आम्ही सुप्याला राहत होतो. नव्वदीची सुरुवातीची वर्षं. पुणे-नगर रस्त्याच्या कडेला नव्या कंपन्यांच्या शेड उभ्या राहत होत्या आणि भाड्याच्या खोल्यांत गावोगावची माणसं येऊन पडत होती. हे एका कंपनीत स्टोअरला होते. माझी पिठाची गिरणी होती. "माझी" म्हणते ते मुद्दाम. पारनेर तालुक्यातल्या कोरड्या गावात मी रोजगार हमीवर खडी फोडली आहे, लोकांच्या मिरच्या कांडल्या आहेत, आणि त्यातून साठवून जुनी गिरणी घेतली. ती घेताना विकणाऱ्याशी तीन दिवस भांडले. तिसऱ्या दिवशी त्याची बायको बाहेर येऊन त्याला म्हणाली, "द्या बाबा तिला, मला जेवन करायचंय." त्या बाईचे उपकार मी विसरलेले नाही.

माझा स्वभाव तापट आहे. मी भाव करते तेव्हा आवाज चढतो, हे मला ठाऊक आहे. पण मी कधी मापात मारलं नाही आणि कुणाचं दळण बदललं नाही. पायलीभर ज्वारी आली तर पायलीभराचंच पीठ गेलं. गिरणीवाल्या बाईबद्दल एवढं कुणी म्हणालं की पुष्कळ झालं. माझ्याकडे ना शेत होतं, ना सोनं. नाव होतं तेवढंच.

मटणाचं सगळं सुरू झालं ते एका शेपटीवरून.

आमच्या घरी महिन्यातून दोनदा मटण व्हायचं. घरात पाच तोंडं. मी रस्त्यावरच्या दुकानातून आणायचे. दुकानदार बोकडाचं धड टांगून ठेवायचा आणि त्याला शेपूट तशीच ठेवायचा, म्हणजे गिऱ्हाइकाने ओळखावं की हे बोकडच आहे, मेंढी नाही. एका रविवारी मी जरा लवकर गेले तर तो गडी मेंढीच्या धडाला बोकडाची शेपटी सुतळीने बांधत होता. मी तिथेच उभी राहून इतकी ओरडले की रस्त्यावरचा ट्रक थांबला. दुकानदार म्हणाला, "मावशी, लोकं शेपूट बघून घेत्यात, मग शेपूट द्यायला नको का?"

पिशवी रिकामी घेऊन मी घरी आले. त्या दिवशी आम्ही पिठलं खाल्लं.

मग मी वाट्याचा विचार केला. वाटे ही काही माझी युक्ती नव्हे. आमच्या गावाकडे पहिल्यापासून चालतं. आठ-दहा घरांनी पैसे काढायचे, बाजारातून जिवंत बोकड आणायचा, मुलाण्याकडून कापून घ्यायचा आणि त्याचे सारखे ढीग करायचे. प्रत्येक ढिगात सगळं थोडं थोडं: मांडी, चाप, मान, नळी, कलेजी, चरबी. तरी कुठला ढीग चांगला, कुठला हलका, हे होतंच. म्हणून एक माणूस ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. मुलाणी एका ढिगावर सुरी टेकवतो आणि विचारतो, हा कुणाचा? पाठ केलेला माणूस एक नाव घेतो. ज्याचं नाव आलं, ढीग त्याचा. मग कुरकुर करायची नाही.

आमच्या खोल्यांच्या रांगेत आणि आजूबाजूला मी सात घरं जमवली. एसटीचे ड्रायव्हर आणि त्यांची बायको, ती आमच्या शेजारची, जिभेला हाड नसलेली पण मनाची चांगली. शाळेचे गुरुजी. बाकीची पाच कंपनीतल्या लोकांची. त्यांतलं एक घर पुढे बदली होऊन गेलं आणि त्या जागी दवाखान्यातली सिस्टर आली. तिचं पुढे येईलच.

बोकड आणायची मी. इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण शेवटी मी तिच्यावरच येणार आहे. गुरांच्या बाजारात भाव तोंडाने होत नाही. व्यापारी आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात, आणि रुमालाखाली बोटं दाबून आकडा सांगतात. बाजूला उभ्या माणसाला कळत नाही काय ठरलं. मी बाईमाणूस, परक्या पुरुषाच्या रुमालाखाली हात घालणार नव्हते. मी मोठ्याने भाव करायचे. "याचे दात दाखव. दोन दाती म्हणतोस, हे चार दिसतात मला. पोटात पाणी किती पाजलंस? दाबून बघू का?" सगळा बाजार वळून बघायचा. व्यापाऱ्याला भाव नको, पण माझा आवाज बंद व्हावा, असं होऊन जायचं. एक म्हातारा व्यापारी तर मला लांबून पाहिलं की म्हणायचा, "आली रं आली, बिनरुमालाची बाय आली." मला त्याचा राग यायचा नाही. उलट वाटायचं, बरोबर आहे. माझं सगळं उघड्यावर.

बोकड निवडताना मी पाठीवरून हात फिरवायचे. कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं पाहिजे, नुसता कणा हाताला लागला तर पुढे जायचं. मग शेपटीच्या मुळाशी चिमटीत धरून बघायचं. तिथे चरबी किती ते कळतं. उन्हात तीन-तीन तास फिरायचे. टेम्पोवाल्याशी वेगळं भांडण. घरी येईपर्यंत घसा बसलेला असायचा. आठ घरांत वाटून घरटी जो खर्च यायचा, त्यात दुकानात निम्मंच मटण आलं असतं, आणि तेही शेपूट बांधलेलं.

याबद्दल मी कुणाकडून काही घेतलं नाही. टेम्पोचं भाडंसुद्धा आठात. मुलाणीचाचा येऊन कापायचे, त्यांना मुंडी आणि कातडं जायचं. तो त्यांचा हक्क, सगळ्यांसमोर ठरलेला. माझा हक्क काही नव्हता आणि मला नको होता. मी ते सांगायचेही. जरा जास्तच सांगायचे, आता कळतं. कुणी बोकड बारीक आहे म्हणालं की मी म्हणायचे, "एक पैसा घेत नाही मी! उन्हात जीव जातो माझा! पुढच्या वेळी तुम्ही जा!" मग सगळे गप्प बसायचे. ड्रायव्हरची बायको हसायची आणि म्हणायची, "वहिनी, तुमी लई हुशार." मी ते कौतुक समजून घरी आणायचे.

आणखी एक नियम मी स्वतः केला होता. बोकड मी आणला, म्हणून वाटे पडताना मी तिथे थांबायचं नाही. उद्या कुणी म्हणायला नको की हिने मुलाण्याला डोळ्याने खुणावलं. वाटे गिरणीच्या मागच्या बाजूला पडायचे आणि मी पुढे गिरणी चालवत राहायचे. मोटारीचा आवाज आणि पिठाचा धुरळा. मागचं काही दिसायचं नाही, ऐकू यायचं नाही.

पाठ करून उभं राहायला ह्यांना सगळ्यांनी मिळून निवडलं. पहिल्याच वेळी गुरुजी म्हणाले, "साहेबांसारखा सरळ माणूस नाही. कुणाच्या अध्यात ना मध्यात." मला बरं वाटलं. हे खरंच तसे होते. कमी बोलणारे. मी दहा वाक्यं बोलले की हे एक बोलायचे, तेही "हं".

पाच वर्षं हे चाललं. महिन्याच्या पहिल्या पगारानंतरचा रविवार, श्रावण आणि सणवार सोडून. आमच्या घरी वाटा आला की मी पातेल्यात ओतून बघायचे. मांडीचे गुबगुबीत तुकडे, चापांची रांग, नळ्या दोनच, त्याही भरलेल्या. मी पोरांना म्हणायचे, "बघा, आईने निवडलेला बोकड. आठही घरांत असंच मटण शिजतंय आज." आणि मला खरंच तसं वाटायचं. दुसऱ्याच्या पातेल्यात डोकावायची सवय मला नाही.

मग सिस्टर आली. तिशीच्या आतली, गावाकडची ख्रिश्चन पोरगी, म्हाताऱ्या आईला घेऊन राहायची. पैसे सांगायच्या आधी आणून द्यायची. तीन महिने तिने वाटा घेतला. चौथ्या महिन्यात दळण घेऊन आली आणि गिरणी बंद होईपर्यंत थांबली. मला वाटलं उसनवारी मागते की काय.

"काकू, एक बोलू का? रागावू नका."

असं म्हणून कुणी बोलायला लागलं की मी आधीच रागावलेली असते.

"तीनही वेळा माझ्या वाट्यात नळ्या आणि मानच आली. नळ्याही पोकळ. आईला दात नाहीत, तिला ते चावत नाही. मी काही म्हणत नाही, पण..."

"पण काय?"

"पण तीनही वेळा."

मी जी सुरू झाले ती थांबलेच नाही. "आमचे हे पाठ करून उभे असतात! माणसाच्या पाठीला डोळे असतात का? तुला दवाखान्यात काय शिकवलं? नशिबाचा वाटा आहे हा, कुणाला मान येते, कुणाला मांडी येते! मी एक पैसा घेत नाही..."

ती उभी राहून ऐकत होती. मी थांबले तेव्हा म्हणाली, "तुम्ही घेता असं मी म्हटलंच नाही, काकू." दळणाचा डबा उचलून गेली.

रात्रभर ते माझ्या डोक्यात राहिलं. मी घेते असं ती म्हणाली नव्हती, मग मी कशाचं उत्तर दिलं? सकाळी मी ठरवलं. पुढच्या रविवारी पाठ करून मीच उभी राहणार. तिच्या डोळ्यांसमोर. नळ्या आल्या तर आल्या, पण संशय मिटेल. माझ्या नावाला डाग मी राहू देणार नव्हते.

तो आखाडातला रविवार होता. पुढे श्रावण, महिनाभर कुणी मटण खाणार नाही, म्हणून सगळ्यांनी जरा जास्त पैसे काढले होते. मी मोठा बोकड आणला होता, तांबडा, रुंद पाठीचा. आजही तो डोळ्यांसमोर आहे. गिरणीमागे चाचांनी धुतलेली ताडपत्री अंथरली होती आणि तिच्यावर पळसाची पानं. ढीग करून झाले होते. मी गिरणी बंद केली, हात पुसले आणि मागे गेले. मला पाहून सगळे जरा चपापले. मी तिथे कधी यायची नाही ना.

"आज मी उभी राहणार," मी म्हणाले.

हे पटकन पुढे आले. "तू कशाला? गिरणीवर लोक खोळंबतील."

"खोळंबू द्या."

"बरं, मग थांब, स्कूटर बाजूला घेतो."

आमची जुनी स्कूटर तिथे भिंतीला लावलेली असायची. पाठ करणारा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, म्हणजे स्कूटरसमोरच.

"राहू द्या ना. स्कूटर काय तुमचं खातेय?" मी म्हणाले आणि जाऊन उभी राहिले.

हे तिथेच थांबले. पुढे आलेला त्यांचा हात तसाच राहिला, हवेत. मला त्याचा अर्थ कळला नाही. कळायला पाच सेकंद लागले.

मी समोर बघितलं. स्कूटरच्या हँडलला डावीकडे एक गोल आरसा होता. एरवी हे तो सरळ ठेवायचे. त्या दिवशी तो जरा खाली वळवलेला होता. आणि त्याच्यात, एखाद्या वाडग्यात ठेवावेत तसे, आठही ढीग होते. पळसाची पानं. चाचांचे पाय. ड्रायव्हरच्या बायकोच्या साडीचा काठ. ढिगांतलं मांससुद्धा वेगवेगळं दिसत होतं. डावीकडून तिसरा ढीग सरळ सरळ मोठा, मांडीचा. शेवटचा ढीग पांढरट, नुसती हाडं.

मला पहिल्यांदा वाटलं, अरे, इथून दिसतंय, हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? खरंच असं वाटलं. माणूस किती मूर्ख असू शकतो ते बघा. मग कळलं. माझ्या पातेल्यातले पाच वर्षांचे मांडीचे तुकडे मला एकदम दिसले. पोरांना मी काय सांगत होते ते ऐकू आलं.

"ह्यो कुनाचा?" चाचांनी विचारलं. आरशात सुरीचं टोक पहिल्या ढिगावर होतं.

"ड्रायव्हरचा." माझा आवाज मला परका वाटला.

"ह्यो?"

"गुरुजींचा."

"आन ह्यो?" सुरी तिसऱ्या ढिगावर.

मी डोळे मिटायला हवे होते. मिटले असते आणि तोंडाला येईल ते नाव घेतलं असतं, तर आज हे सगळं मी ताठ मानेने लिहिलं असतं. मी डोळे मिटले नाहीत. मी बघत राहिले आणि म्हणाले, "सिस्टरचा."

मागून ड्रायव्हरची बायको बोलली, अगदी सहज, जसं कुणी ताट चुकीच्या माणसापुढे ठेवलं तर सांगावं तसं:

"वहिनी, नीट बघा की. त्यो तुमचा न्हाई का?"

पाठ करून उभ्या असलेल्या बाईला ती म्हणाली, नीट बघा.

मी वळले. सगळे माझ्याकडे बघत होते. एकाच्याही तोंडावर आश्चर्य नव्हतं. आश्चर्य फक्त सिस्टरच्या तोंडावर होतं आणि माझ्या. ड्रायव्हरच्या बायकोने जीभ चावली होती, पण ती चूक झाली म्हणून नाही, सिस्टरच्या देखत बोलले म्हणून.

"काय म्हणालीस?"

"आवो, म्हंजे... दर टायमाला त्यो तुमच्याकडंच जातो न्हवं. मला वाटलं चुकलं."

"कोण सांगतं तो माझा म्हणून?"

गुरुजी पुढे झाले, शाळेत आवाज असतो तो आवाज काढून. "वहिनी, असं मनाला लावून घेऊ नका. बाजाराला कोण जातं? तुम्ही. उन्हात कोण भांडतं? तुम्ही. एक वाटा जरा जड गेला तर आमचं काय जातं? दुकानापेक्षा आम्हाला स्वस्तच पडतं. आम्ही ती तुमची दलाली समजत होतो."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या वर्षीच्या दिवाळीपासून असेल," गुरुजी म्हणाले आणि इतरांकडे बघितलं. एकाने मान हलवली, जणू तारीख बरोबर आहे.

"आणि मी 'एक पैसा घेत नाही' म्हणायचे तेव्हा?"

ड्रायव्हरच्या बायकोला इथेही हसू आलं. तिचं हसणं तसंच आहे, तिला आवरत नाही. "आमाला वाटायचं तुमी म्हनायचं म्हनून म्हनताय. तुमीच साहेबांना हुबं करत असचाल. लई हुशार म्हनायचो की तुमाला."

लई हुशार. ती पाच वर्षं मी ज्याला कौतुक म्हणून घरी आणत होते, ते हे होतं.

मी चाचांकडे बघितलं. म्हातारा माणूस, माझ्या वडिलांच्या वयाचा. ते सुरी फडक्याला पुसत होते. "मला वाटलं, बाय, तुला ठावं हाय. म्हनून मी एक ढीग जरा बरा करायचो. तुजं कष्ट मला दिसत हुतं." मग म्हणाले, "दुसरीकडनं तेवढं कमी करावंच लागतं."

दुसरीकडून म्हणजे कुठून? मी शेवटच्या ढिगाकडे बघितलं. पांढरा, हाडांचा. जुन्या घरांना जड वाटा माहीत होता, म्हणून त्यांना हाडं देऊन चालणार नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं असतं. हाडं जायची ती जिला माहीत नाही तिला. आधी हे माहीत नसलेलं घर कुठलं होतं कोण जाणे, पण चार महिन्यांपासून ती सिस्टर होती. आणि त्या ढिगाला नाव देणारा माणूस माझ्या शेजारी हात लोंबकळत ठेवून उभा होता.

"बोला," मी ह्यांना म्हणाले. "आता 'हं' चालणार नाही."

हे जमिनीकडे बघून म्हणाले, "तू घसा फोडून यायचीस. तुला कुणी पाणीसुद्धा विचारायचं नाही. तू मागणार नव्हतीस. मग मी घेतलं."

माझ्या आयुष्यात हे माझ्यासाठी एवढं मोठं वाक्य कधी बोलले नव्हते. आणि ते नेमकं हे असावं! मला तिथेच रडू आलं असतं, पण मी रडत नाही, मी ओरडते. मी इतकं ओरडले की पुढे गिरणीवर थांबलेली माणसं मागे बघायला आली. काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी स्कूटर लाथ मारून पाडली आणि आरसा फुटला नाही.

मग मी तो तिसरा ढीग पानासकट उचलला आणि सिस्टरपुढे धरला. "घे. हा तुझाच. तुझं नाव आलंय."

ती दोन पावलं मागे सरली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"काकू, तुम्हीही बघूनच दिलात ना?"

हातातल्या पानाखालून रक्ताचं पाणी माझ्या मनगटावर ओघळत होतं. ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. बाजारात एवढे व्यापारी गप्प केले मी, आणि त्या पोरीने एका ओळीत मला गप्प केलं.

"मला बघून दिलेला वाटा नको," ती म्हणाली. "चांगलाही नको." रिकामा डबा घेऊन ती गेली. तिने नंतर पैसेही मागितले नाहीत. मी तिच्या दारात ठेवून आले, ते तिने घेतले आणि दार लावून घेतलं. वर्षभराने तिची सोनईकडे कुठेतरी बदली झाली. जाताना तिने शेवटचं दळण दुसऱ्या गिरणीत टाकलं. मला ते दिसलं.

बाकीच्यांनी आपापले वाटे उचलले. हो, उचलले. ते घरी शिजलेही. संध्याकाळी आमच्या रांगेत सगळीकडे वाटणाचा वास होता. ड्रायव्हरच्या बायकोने वाटीभर रस्सा आणून दिला, "वहिनी, जेवा जरा, राग जाऊ द्या." मी तो तिच्या देखत परत केला. पोरांनी विचारलं, आई, आपलं मटण कुठंय? मी म्हणाले, आपलं नव्हतं ते.

मी भरपाईची तयारी दाखवली. घरोघर जाऊन सांगितलं, पुढचे वाटे तुम्ही न्या, मी निवडून आणून देते, माझा हिस्सा नको. सगळे हसले. गुरुजी तर म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात, चालू द्या पहिल्यासारखं." पहिल्यासारखं! म्हणजे मी उन्हात जायचं, हे आरशात बघणार, आणि मी म्हणायचं एक पैसा घेत नाही. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तेच मला अजून कळत नाही. मी चोर असते तरी चालत होतं, फक्त स्वस्तात बोकड आणणारी चोर पाहिजे होती.

वाटे बंद पडले. आम्ही पुन्हा दुकानातून आणायला लागलो, पाव-पाव किलो, मोजून, शेपूट बघून. सहा घरंही तिथेच यायची, आणि तिथे रांगेत उभी राहून मला म्हणायची, तुमच्या बोकडाची सर याला नाही.

ह्यांच्याशी मी किती दिवस बोलले नाही ते सांगत नाही. ह्यांना वाटतं की माझा राग चोरीचा आहे. आज इतक्या वर्षांनी, खुर्चीत बसून, हे म्हणतात, "अगं, तुझ्यासाठीच केलं." माझा राग तेवढाच असता तर कधीच निवला असता.

मी पैसे मागितले नाहीत हे खरं. पण मला एकदाही कुणी विचारलं का, की बाई, तुझ्या कष्टाचं काय द्यायचं? विचारलं असतं तर मी बसले असते, भांडले असते, भाव केला असता. मोठ्याने, आठही घरांच्या समोर. कदाचित मांडीचे चार तुकडे जास्त मागितले असते, चाचांच्या मुंडी-कातड्यासारखे, उघड. कदाचित पाणी विचारा म्हटलं असतं आणि तेवढ्यावर सोडलं असतं. पण मला बोलावलंच नाही. मी ज्या बाजारात रुमालाखाली हात घातला नाही, त्याच बाजारातून बोकड घेऊन मी घरी यायचे, आणि माझ्या दारामागे, माझ्या पाठीमागे, सहा घरं, चाचा आणि माझा नवरा रुमालाखाली माझा भाव करून मोकळे व्हायचे. आणि त्याचे पैसे भरायला एका म्हातारीला पोकळ नळ्या.

आज त्या सहा घरांतले कोण कुठे आहेत मला माहीत आहे. दोन पुण्याला गेली, एक संगमनेरला, बाकीची तिथेच. मला त्यांच्याकडून काही नको. त्यांच्यातल्या एकाने, कुणीही, गुरुजींनी आलं तर उत्तम, यावं, माझ्यासमोर बसावं आणि एवढंच सांगावं: त्या पहिल्या दिवाळीला तुम्हाला आरसा दिसला, तेव्हा तुम्ही माझ्या दारात का आला नाहीत? आणि माझी दलाली माझ्याशिवाय ठरवायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

चहा मी करीन. उत्तर घेतल्याशिवाय उठू देणार नाही.